बाइंड होईना म्हणून अडीच दिवस, आणि चूक निघाली कॅपिटल अक्षरांची

बडोद्यात ज्या कंपनीचं बिलिंग मी बघतो ते अजून एएस/४०० या आयबीएमच्या जुन्या सिस्टीमवर चालतं, हल्ली त्याला आयबीएम आय म्हणतात, पण आमच्याकडे कोणी म्हणत नाही. तर एका फाईलवर आरपीजी (त्या सिस्टीमवरची भाषा) प्रोग्राम 'डेसिमल डेटा एरर', म्हणजे आकड्याच्या जागी आकडा नाही अशी चूक, देऊन पडायचा. दराच्या पॅक्ड फील्डमध्ये (आकडे दाबून ठेवायची जागा) नक्की कुठले बाइट आलेत ते हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत, एका बाइटचे दोन आकडे) बघायचं होतं. आरपीजीत त्याला बिल्ट-इन फंक्शन नाही, मशीनचं खालच्या पातळीवरचं सीव्हीटीएचसी हे बाइट हेक्समध्ये दाखवणारं फंक्शन आहे, म्हटलं त्याचा प्रोटोटाइप (बाहेरच्या फंक्शनची ओळख करून देणाऱ्या ओळी) लिहू, दहा मिनिटांचं काम.

कसली दहा मिनिटं! तिथे कंपाइल आपल्या नावाने होत नाही, सिस्टीमवाल्यांच्या प्रोफाइलने बॅचमध्ये जातं, त्यामुळे जॉबलॉग (काम चालताना काय घडलं त्याची नोंद) मागायचा तर मेल करा आणि बसा. मला एवढंच कळलं की प्रोग्राम तयार झाला नाही. मी बाइंडिंग डिरेक्टरी क्यूसी२एलई टाकली (प्रोग्रामला बाहेरची फंक्शनं जोडणाऱ्या बाइंडरने ती कुठे शोधायची त्याची यादी), पुन्हा पाठवलं, तेच. डिफॉल्ट अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप 'नो' केला (बाहेरचं फंक्शन जोडायला तो लागतोच, मी आधी विसरलो होतो), तरी तेच. सिस्टीमवाल्यांना फोन केला तर म्हणे, "लिस्टिंगमध्ये सिव्हिअरिटी ००च आहे साहेब, चूक नाही, कंपाइल तर झालंय." अहो, कंपाइल झालं, बाइंड कुठे झालंय? त्यांनी लिस्टिंगचा, म्हणजे कंपाइलच्या अहवालाचा, स्क्रीनशॉट पाठवला, जॉबलॉग नाही. तिसऱ्या दिवशी मी रावपुऱ्यात शेव-उसळ खात होतो तेव्हा जॉबलॉग आला एकदाचा. एकच ओळ कामाची, 'डेफिनिशन नॉट सप्लाइड फॉर सिम्बॉल', आणि पुढे नाव, सगळं कॅपिटलमध्ये. खरं नाव स्मॉल अक्षरांत आहे. एक्सटीप्रॉकमध्ये (प्रोटोटाइपमध्ये बाहेरच्या फंक्शनचं नाव द्यायची जागा) कोटात स्मॉलमध्ये लिहिलं नाही तर आरपीजी आपलं कॅपिटल करून टाकतं, मग बाइंडरला सापडणार कसं?

एका ओळीत दुरुस्त. चाललं, पण उत्तर अर्धंच, कारण फंक्शनला लांबी बाइटची नाही, हेक्स आकड्यांची द्यायची, ४ बाइट तर ८. आणि ती 'व्हॅल्यू' कीवर्ड लावून पाठवा हं, तो राहिला तर आकड्याऐवजी पत्ता जातो.

स्क्रीनवर आलं ४०४०४०४०. ईबीसीडीआयसीत (त्या सिस्टीमच्या अक्षरांच्या कोडमध्ये) ४० म्हणजे स्पेस. दराच्या जागी कोणीतरी चार स्पेस भरून पाठवल्या होत्या.