थेरपीत पहिला नंबर

तिसऱ्या सत्राला जाताना मी एक्सेलची शीट छापून नेली होती. तारीख, झोपेचे तास, चिंतेला दहापैकी गुण, ती कशाने वाढली, उतरायला किती मिनिटे लागली असे स्तंभ होते आणि प्रत्येक दिवसाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिलेला होता. माझ्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी तो कागद शांतपणे वाचला आणि विचारले, “हे करायला रोज किती वेळ गेला?” मी म्हटले, “पाऊण तास.” “आणि मी रोज किती ओळी लिहायला सांगितल्या होत्या?” “तीन.” त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. मला खरोखर वाईट वाटले, कारण मी शाबासकीच्या अपेक्षेने गेले होते.

त्या पालथ्या कागदाविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात आहे. मानसोपचारांबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा ‘मदत मागायला लाजू नका’ इथे येऊन थांबते. आम्ही ठाणेकरांनी तर ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद जन्मभर ऐकलेला असतो. १९०१ पासून इथे असलेल्या मनोरुग्णालयामुळे शहराचे नावच चेष्टेचा विषय झाले. पण माझ्या बाबतीत लाज ही अडचण नव्हती. ज्या सवयीने मला आजारी पाडले, तीच सवय बरोबर घेऊन मी उपचारांना गेले आणि तिथेही पहिली यायच्या मागे लागले, ही खरी अडचण होती.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. १९९८ साली दहावीची गुणवत्ता यादी वर्तमानपत्रात छापून येत असे आणि त्या यादीत माझे नाव होते. पुढे अभियांत्रिकी, मग नोकरी, आणि आता ऐरोलीतल्या एका कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर, म्हणजे क्लायंटचे काम वेळेत पोचते की नाही हे बघणारी. घर घोडबंदर रोडला, त्यामुळे दिवसाची सुरुवात आणि शेवट दोन्ही वाहतूक कोंडीत. तरीही मला कामाचा कंटाळा कधी नव्हता. दीड वर्षांपूर्वी एका सोमवारी ठाणे स्टेशनात ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर उभी असताना छातीत धडधडू लागले, हातांना मुंग्या आल्या आणि आपण आता इथेच पडणार अशी खात्री वाटली. दहा-पंधरा मिनिटांत सगळे ओसरले. पुढची गाडी पकडून मी कार्यालयात गेले आणि साडेदहाची बैठक घेतली. आज मागे वळून पाहताना मला त्या धडधडीपेक्षा त्या बैठकीचे अधिक आश्चर्य वाटते.

नौपाड्यातले आमचे जुने डॉक्टर शहाणे निघाले. त्यांनी ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ असे सगळे तपासून घेतले, कारण थायरॉइड वाढलेला असला तरी असेच धडधडते आणि घाईने ‘मनाचे आहे’ म्हणणे चुकीचे ठरते. सगळे अहवाल ठीक आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “शेवटची रजा कधी घेतलीत?” मी म्हटले, मे महिन्यात घेतली होती. बाजूला बसलेला नवरा म्हणाला, “डॉक्टर, ती रजासुद्धा डेडलाइन असल्यासारखी पार पाडते.”

कार्यालयाने दिलेली मोफत समुपदेशनाची सोय मी आधी वापरून पाहिली. फोनवर दर वेळी नवी व्यक्ती येई, मला पहिल्यापासून सगळे सांगावे लागे आणि शेवटी दीर्घ श्वास घेण्याचा सल्ला मिळे. श्वासाचा सल्ला वाईट नाही, पण माझ्या दिवसात पाच मिनिटे श्वासाला कोठून काढायची, हाच तर प्रश्न होता. तीन फोनांनंतर मी तो नाद सोडला आणि पाचपाखाडीत बसणाऱ्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊ लागले.

पहिल्या दोन सत्रांत मीच त्यांना बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस पार थकून जाण्याची, माहिती दिली, हे आता आठवले की हसू येते. अर्थातच मी आदल्या रात्री सगळे वाचून गेले होते. हा शब्द या अर्थाने रूढ केला तो न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ साली. मोफत दवाखान्यात झटणाऱ्या स्वयंसेवकांना त्यांनी जवळून पाहिले होते आणि ते स्वतःही त्यांच्यातलेच एक होते. आळशी माणसे नव्हे तर झोकून देऊन काम करणारी माणसे आधी जळून जातात, हे त्यांच्या लक्षात आले. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटला आजार म्हटलेले नाही, तर नोकरीव्यवसायातील दीर्घ आणि न हाताळल्या गेलेल्या ताणाशी जोडलेली एक अवस्था म्हटले आहे. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती पार संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. मॅडमनी हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तीनांपैकी तुमची कोणती?” त्यावर मात्र मी काही वाचून गेले नव्हते.

त्यांची पद्धत मुख्यतः अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारांवर आधारलेली होती. १९५५ च्या सुमारास एलिस यांनी मांडलेला मुद्दा वरवर साधा आहे. प्रसंगामुळे आपण थेट कोलमडत नाही. प्रसंग आणि कोलमडणे यांच्या मध्ये आपली एक ठाम समजूत उभी असते, आणि ती समजूत बहुधा हट्टाच्या रूपात असते. मुंबईत कि. मो. फडके यांनी ही विचारपद्धती पुष्कळ वर्षे शिकवली, त्यामुळे तिची मराठी परिभाषा आपल्याकडे तयार आहे. ही गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली, कारण कार्यालयीन इंग्रजीत मी माझ्या हट्टांना ‘कमिटमेंट’ म्हणत होते.

मॅडमनी मला वही मराठीत लिहायला लावली. एका आठवड्याची पाने समोर ठेवून त्यांनी लाल पेनने फक्त ‘च’भोवती गोल करायला सुरुवात केली. रिलीज, म्हणजे क्लायंटला द्यायचे काम, वेळेतच गेले पाहिजे. पहिल्याच वेळी बरोबर आले पाहिजे. मुलाच्या शाळेचे मीच बघायला हवे. सासूबाईंच्या औषधांत चूक होताच कामा नये. एका पानावर अकरा गोल झाले. मी वकिली केली, “मॅडम, हा ‘च’ काढला तर माझ्याकडून काहीच होणार नाही.” त्या हसल्या आणि माझ्या त्या वाक्यातल्या ‘काहीच’मधल्या ‘च’भोवती हवेतल्या हवेत गोल करून दाखवला.

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘च’ काढणे म्हणजे ‘चालतंय’ म्हणणे नव्हे. “रिलीज वेळेत जावे अशी माझी तीव्र इच्छा आहे आणि त्यासाठी मी झटेन, उशीर झाला तर त्रास होईल, बोलणी बसतील, पण मी त्यामुळे कुचकामी ठरत नाही” हे वाक्य लांब आहे, कंटाळवाणे आहे आणि त्यात उद्दिष्ट तसूभरही खाली आलेले नाही. यश मिळवलेल्या माणसाला भीती असते ती नेमकी याची, की धास्ती गेली तर धारही जाईल. पण यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगातही अवघड काम शिकताना विजेचा मध्यम झटका उपयोगी पडला होता आणि झटका तीव्र केल्यावर उंदरांचे शिकणे मंदावले होते. मी पंचवीस वर्षे तो झटका वाढवत गेले होते, इतकेच.

मग प्रयोग सुरू झाले. शुक्रवारचा अहवाल मी क्लायंटला पाठवण्यापूर्वी तीनदा वाचत असे. तो एकदाच वाचून पाठवायचा असे ठरले. वहीत आधी अंदाज लिहायचा: “सोमवारी सकाळी फोन येणार, खात्री ८० टक्के.” पुढे प्रत्यक्ष काय घडले ते लिहायचे. सोमवारी काही घडले नाही. बुधवारी एकाने एका आकड्याचा आधार विचारला, मी तो कळवला, त्याने ‘थँक्स’ लिहिले. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण त्या रात्री मला रडू आले, कारण इतकी वर्षे जे दुसरे आणि तिसरे वाचन मी मुलाच्या झोपेच्या वेळी जागून करत आले होते, ते कोणाच्या ध्यानातही आलेले नव्हते. मॅडमना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ते संपूर्ण सत्र आम्ही त्याच एका गोष्टीवर घालवले, आणि माझ्या मते उपचार खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले. चिंता कमी करायला गेलेल्या मला आधी एका मोठ्या तोट्याचे दुःख करावे लागले.

सगळे प्रयोग इतके फळले नाहीत. कार्यालयातून संध्याकाळी साडेसहाला निघण्याचा प्रयोग मार्चमध्ये पार फसला, आणि फलाटावरची धडधड त्यानंतरही दोनदा आली, फक्त ती काय आहे हे ठाऊक असल्यामुळे मी बाकावर बसून ती जाऊ दिली.

व्यवहाराचे दोन शब्द, कारण मैत्रिणी हेच विचारतात. औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे वैद्यकीय डॉक्टर. सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते, ती विचारण्यात संकोच नको. झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच गेली असेल तर तो निव्वळ बर्नआउट नसतो. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांकडे लवकर जावे, आणि रात्री-अपरात्री १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्या धर्तीवर विमा देणे बंधनकारक केले आहे, पण माझी पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर खर्च देणारी असल्यामुळे सत्रांचे पैसे खिशातूनच गेले. ठाण्यात १९९० पासून मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने हे विषय मराठीत बोलते केले, त्याचा फायदा एवढा की माझ्या सासूबाईंना ‘समुपदेशन’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नाही. “जा गं तू, दुधाचं मी बघते,” इतकेच त्या म्हणाल्या.

आता सत्रे दीड महिन्याने असतात. मागच्या वेळी निघताना मॅडमनी डायरीत पुढची तारीख लिहिली आणि मी नमस्कार करून बाहेर पडले. इतर लोकांच्या तुलनेत माझी प्रगती जलद आहे का, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. तो जिभेवर आला होता, आणि दोन मजले उतरून खाली येईपर्यंत तिथेच होता.