बर्डी दोनदा आली होती: मेट्रोचा ग्राफ कोडमधून चित्रात आणताना

बाबांनी माझ्या प्रोग्रामला नागपूर मेट्रोने खापरीहून लोकमान्य नगरला जायचा मार्ग विचारला. उत्तर आलं, मार्ग उपलब्ध नाही.

"काऊन रे? बर्डीवर गाडी बदलली की झालं ना!"

बाबांचं म्हणणं खरंच होतं. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकातून खापरीकडे जाते, म्हणजे उत्तर-दक्षिण. ॲक्वा लाइन प्रजापती नगरहून लोकमान्य नगरला, पूर्व-पश्चिम. दोघींची गाठ पडते सीताबर्डीला, म्हणजेच बाबांच्या बर्डीला. नागपुरात शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं.

मेट्रोची स्टेशनं मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि त्याची माहिती अशा जोड्यांच्या यादीत, ग्राफ म्हणून भरली होती. स्टेशन म्हणजे नोड, शेजारच्या दोन स्टेशनांमधला रूळ म्हणजे एज, आणि एजवर किलोमीटरमधलं अंतर. दोन संध्याकाळी मी मार्ग शोधणारं फंक्शन ओळ न ओळ वाचून काढलं. त्यात काही चूक सापडेना. म्हणजे गडबड डेटात होती. पण कंसात कंस असलेली डिक्शनरी कितीही वाचा, जाळं काही डोळ्यांपुढे उभं राहत नाही. तेव्हा ठरवलं, आधी चित्र काढायचं.

सुरुवात ग्राफव्हिझने केली, म्हणजे मजकुरातून ग्राफचं चित्र काढणाऱ्या प्रोग्रामने. त्याची डॉट फाइल हाताने लिहिता येईल इतकी सोपी असते: वर ग्राफ हा शब्द, महिरपी कंस, आणि दर ओळीत दोन नावांच्या मध्ये दोन आडव्या रेघा. छोट्याशा लूपने फाइल तयार झाली. तिच्यातून पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, काढली तर सगळ्या नावांच्या जागी चौकोनी डबे! त्या लिनक्स मशीनवर देवनागरी फॉन्टच नव्हता. नोटो सान्स देवनागरी टाकला, फाइलमध्ये फॉन्टनेम म्हणून तेच नाव दिलं, मग नावं जोडाक्षरांसकट नीट उमटली.

आणि चित्रात दिसल्या दोन माळा, एकमेकींना कुठेच न शिवणाऱ्या. दोन्ही माळांत सीताबर्डी होतं.

नावं हुबेहूब सारखी. मग दोघांची लांबी छापून पाहिली. एकाची 9, दुसऱ्याची 10. आपल्याला सीताबर्डीत चार अक्षरं दिसतात, पण पायथन वेलांटी, काना, हलंत सगळं सुटं मोजतो, म्हणून 9 बरोबर. दहावं चिन्ह होतं यू+200बी, म्हणजे शून्य रुंदीची जागा. नाव कुठूनतरी कॉपी करताना ती मागे चिकटून आली होती. कडेच्या मोकळ्या जागा छाटणारी स्ट्रिप लावली तरी ती गेली नाही, कारण पायथन तिला मोकळी जागा मानतच नाही. एका चिन्हाच्या जागी दुसरं घालणारं रिप्लेस वापरूनच काढावी लागली. लपलेली चिन्हंही उघड दाखवणारं आरईपीआर छापलं असतं तर ती पहिल्याच मिनिटाला दिसली असती.

त्यानंतर प्रत्येक स्टेशनाला एक छोटा आयडी दिला आणि मराठी नाव फक्त लेबल म्हणून ठेवलं. कोणी असा डेटा भरायला घेत असेल तर हे पहिल्याच दिवशी करा. नावाला नोडची ओळख बनवलं की सीताबर्डी, सिताबर्डी, बर्डी असे तीन नोड व्हायला वेळ लागत नाही. नेटवर्कएक्सला, म्हणजे ग्राफ हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीला, ग्राफचे सुटे तुकडे मोजायला लावले. आधी 2 येत होते, आता 1 आला. मार्गही सापडला.

बाबांना मात्र शहरासारखं दिसणारं चित्र हवं होतं. त्यासाठी गेफी हा ग्राफची चित्रं काढणारा प्रोग्राम घेतला आणि त्याला वाचता येणारी ग्राफएमएल फाइल नेटवर्कएक्समधून लिहायला गेलो, तर एरर. काही एजवर अंतर भरायचं राहिलं होतं, तिथे नन, म्हणजे पायथनमधलं 'काहीच नाही', होता, आणि ग्राफएमएलला नन चालत नाही. तिथे 0 टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळावा. शून्य अंतर म्हणजे फुकटचा रस्ता, आणि सगळ्यात जवळचा मार्ग शोधणारा कोड नेमका तिकडेच धावतो. मी त्या एजवरून अंतराचा रकानाच काढला, फाइल लिहिली आणि अंतरं नंतर भरली.

फाइल गेफीत उघडली, नोडांची मांडणी करणारा फोर्सॲटलस 2 लेआउट चालवला, तर लांबची स्टेशनं जवळ आली आणि जवळची लांब गेली. यात बराच वेळ गेला. मी अंतर वेट या नावाने पाठवलं होतं. अशा लेआउटमध्ये वेट म्हणजे ओढ: आकडा मोठा तेवढी दोन नोडांची ओढ जास्त. अंतराचं बरोबर उलटं. रकान्याचं नाव बदलून डिस्टन्स केलं, वेट सगळीकडे 1 राहू दिलं आणि चित्र ताळ्यावर आलं. शेवटी प्रत्येक नोडला अक्षांश-रेखांश दिले, आकडे म्हणूनच, मजकूर म्हणून नव्हे. आणि त्यांवरून नोड नकाशासारखे मांडणारं जिओ लेआउट हे प्लगइन चालवलं.

पडद्यावर आपलं नागपूर आलं. उभी नारिंगी रेघ, आडवी निळी रेघ आणि त्यांच्या छेदावर एकच ठिपका. मी त्याची प्रिंट काढून बाबांना दिली. त्यांनी बोटाने खापरीपासून बर्डीपर्यंत आणि तिथून लोकमान्य नगरपर्यंत रेघ गिरवली.

"बरोब्बर! आता यात मोरभवनचा बस स्टँड कुठं आहे ते दाखव."

सध्या बसचे थांबे भरतोय. प्रत्येकाला आधी आयडी, मग नाव.