पडका किल्ला आणि आईचे नवे सँडल

"पडकाच बघायचाय तर आपल्याकडे काय कमी आहेत?" आईचं म्हणणं बरोबरच होतं, पण सुट्टीच्या दिवशी घरात बसवेना म्हणून तिला घेऊन इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या कॉर्फ कॅसलला गेलो. डोंगररांगेच्या खिंडीत एक सुटी टेकडी, तिच्यावर किल्ला. कॉर्फ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थच खिंड, हे सांगितल्यावर आईला जरा घरच्यासारखं वाटलं. सिंहगड चढलेल्याला चढ म्हणजे चिल्लर, पण गवत ओलं आणि सँडल नवे, त्यामुळे दर चार पावलांवर "थांब रे जरा".

दुसऱ्या दरवाजाशी मात्र ती नुसती बघतच राहिली. दरवाजाचा अर्धा भाग जागेवर आणि दुसऱ्या बाजूचा बुरूज अख्खाच्या अख्खा उतारावरून खाली घसरलाय, तरी उभाच! "भूकंप झालेला का?"

भूकंप कसला, सुरुंग. १६४३ मध्ये राजा विरुद्ध पार्लमेंटच्या लढाईत, नवरा राजाकडे गेलेला असताना किल्ल्याची मालकीण लेडी मेरी बँक्सने पार्लमेंटच्या वेढ्यात मोजक्या माणसांवर सहा आठवडे किल्ला झुंजवला. पुढे १६४६ ला दुसऱ्या वेढ्यात आतलाच एक अधिकारी फुटला आणि त्याने कुमक म्हणून शत्रूचीच माणसं आत घेतली. "फितुरी! म्हणजे इथेपण तेच," आई म्हणाली, तिला मनापासून बरं वाटलं असावं. मग पार्लमेंटने हुकूम काढून किल्ला दारूने उडवला, परत कोणी वापरू नये म्हणून. १८१८ ला आपल्या गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे फोडणाऱ्यांची प्रॅक्टिस घरीच झालेली म्हणायची.

वर बाराव्या शतकातला बालेकिल्ला आहे, म्हणजे त्याच्या एकदोन उंच भिंती. वारा इतका होता की फोटो काढायला फोन धरवेना.

उतरल्यावर मी सांगायला नको होतं ते सांगितलं, की किल्ल्याचे दगड गावकऱ्यांनी घरं बांधायला नेले. झालं, आई प्रत्येक घराच्या भिंतीवर हात फिरवत निघाली, "हा घडवलेला आहे बघ, बुरुजाचाच असणार". एका घरातून आजीबाई बाहेर आल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आई भिंतीवर थाप मारून त्यांना म्हणते, "व्हेरी गुड स्टोन!"