सांबरा ते दिल्ली: आईचा प्रश्न आणि कॅलेंडरमागचं गणित

दादाचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टला, म्हणून दिवाळीनंतर आईला पहिल्यांदा विमानाने घेऊन गेलो. एरवी आम्ही गोवा एक्सप्रेसने जायचो, संध्याकाळी बेळगावात बसलं की दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडीतच, रुळावरून दोन हजाराच्या वर किलोमीटर. आईच्या गुडघ्यांना आता ते सोसत नाही.

तिकीट काढलं तसं आईने विचारलं, "विमानानं किती लांब हाय रे दिल्ली?"

मी कॅलेंडरच्या मागे लिहून दाखवलं. बेळगावचा सांबरा विमानतळ 15.86 अक्षांशावर, दिल्लीचा 28.56 वर, फरक 12.7 अंशांचा, एका अंशाला साधारण 111 किलोमीटर म्हणजे झाले 1410, आणि दिल्ली आपल्यापेक्षा थोडी पूर्वेला सरकलेली आहे तेवढं तिरकं धरलं की 1435 च्या आसपास. रेल्वेपेक्षा सहाशे किलोमीटर कमी! विमान वर गेल्यावर ताशी आठशेने जातं, म्हणजे पावणेदोन तास.

"मग तिकिटावर अडीच तासाच्या वर का लिवलंय?"

आईने बरोबर पकडलं. तिकिटावरची वेळ म्हणजे नुसतं उडणं नाही, विमान जागेवरून हललं तिथपासून दिल्लीत जागेवर लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. चढताना-उतरताना दहा हजार फुटांच्या खाली 250 नॉट, म्हणजे ताशी 460 किलोमीटरच्या आसपास, एवढीच स्पीडची मर्यादा असते. वाटही सरळ रेघ नसते, ठरलेल्या हवाई मार्गाने जावं लागतं, दिल्लीवर गर्दी असली तर वरच घिरट्या, आणि उतरल्यावरसुद्धा विमान जमिनीवर कितीतरी वेळ चालतच राहतं. सांबऱ्याला विमानांची एवढी रांग कुठली.

पण वयस्कर माणसाला नेणार असाल तर घराच्या दारापासून धरा. खानापूर ते बेळगाव, मग बागलकोट रोडने बसवण कुडची, निलजी, मुतगा करत सांबरा, हे सव्वा तास. दोन तास आधी पोचायचं. विमान पावणेतीन तास. बॅगा आणि टॅक्सी दीड तास. झाले साडेसात. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, आम्ही सांगितली होती म्हणून आईला एक पायरी चढावी लागली नाही, मला तर तेवढ्यानेच भरून आलं.

आई पूर्ण वेळ खिडकीला चिकटून. खाली रुंद नदी चमकली तेव्हा मी म्हटलं नर्मदा असणार, तर तिने सीटवरूनच हात जोडले.

दादाच्या घरी पोचल्या पोचल्या तिने बाबांना फोन लावला. "दुरडीतल्या भाकऱ्या बघा की, अजून मऊ असतील. मी दिल्लीत आले."