इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं शेड शोधत येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इंजिन कुठलं टाकू?" दुसरा चाकांचा. त्यासाठी मोबाईलमधला फोटो आधीच उघडून धरलेला असतो. घरी गाडी बांधायची म्हटलं की माणसाला या दोनच गोष्टी दिसतात, एक आवाज करणारी आणि एक चमकणारी. आमचं पोट मात्र गाडी तयार झाल्यावर कुणालाच न दिसणाऱ्या मालावर चालतं : इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली अडॅप्टर प्लेट, इंजिनाच्या मागचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारा स्पिगॉट बुश, चाक ज्यावर बसतं तो हब, चाकामागचा स्पेसर.

हे काम आम्ही ठरवून धरलं नाही. आप्पा एका मशीन शॉपमध्ये क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, लाइनला टर्नर होते. इचलकरंजीत जसे माग, तसे उद्यमबागेत क्रँक. जर्नल टर्निंग, ग्राइंडिंग, बॅलन्सिंग, यावर इथे घरंच्या घरं चालतात. पुढे आप्पांनी एक जुनं लेथ घेतलं आणि वडगावात घरामागच्या पत्र्याखाली बसवलं. शेजारी सगळे विणकर. दिवसभर मागांची खडखड चालायची, त्यात आमच्या लेथची कुणी तक्रार केली नाही. मी डिप्लोमा करून आलो तोवर दोन लेथ आणि एक रेडियल ड्रिल झालं होतं, आणि उद्यमबागेत भाड्याचं शेड. काम सगळं जॉबवर्क. ड्रॉइंग त्यांचं, माल त्यांचा, दर त्यांचा, आणि पैसे नव्वद दिवसांनी.

पहिलं वेगळं काम आलं ते निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या भाच्याचं. त्याला दोन माणसांची, बिनटपाची छोटी गाडी बांधायची होती. इंग्लंडमध्ये १९५७ साली निघालेल्या लोटस सेव्हनच्या धर्तीची : पुढे इंजिन, मागच्या चाकांना ओढ, नळ्यांची चौकट, वर पत्रा. लोटसवाले ती गाडी सुट्या भागांत विकायचे, कारण तयार गाडीवर लागणारा कर सुट्या भागांवर लागत नसे. घरी गाडी बांधायची हौस तिकडे त्या कराच्या फटीतूनच पसरली. आपल्याकडे ना तसा कर, ना तशी फट. नुसती हौस.

त्याने एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन आणलं होतं आणि कॉन्टेसाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स. दोन्ही भंगारातून आणि दोन्ही चांगले. एस्टीम पुढच्या चाकांवर चालणारी, तिचं इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीला; कॉन्टेसा मागच्या चाकांवर चालणारी, तिचं इंजिन उभं, म्हणजे लांबीला. दोघांची बोल्टची भोकं जुळण्याचा प्रश्नच नव्हता. "मधे एक प्लेट करून द्या की," तो म्हणाला. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

दोन्ही तोंडांना ग्रीस फासून कागदावर ठसे घेतले, ते १२ एमएमच्या प्लेटवर उतरवले, भोकं पाडली. सगळे बोल्ट सुरसुर बसले. आप्पांनी पाठ थोपटली. महिनाभरात गाडी परत. क्लच दाबला की थरथर, आणि गिअरबॉक्सच्या तोंडाच्या बेअरिंगमधून शीळ. उतरवून बघितलं तर स्पिगॉट बुश अंड्यासारखा झालेला. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून तो बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या, बोअरमधून फिरवून पाहिला, तेव्हा कळलं की क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य ०.६ मिलिमीटरने चुकलाय.

चूक भोकांच्या भरवशावर राहण्यात होती. १० एमएमच्या बोल्टला ११ एमएमचं भोक असतं. बोल्ट आवळतो, जागा धरत नाही. जागा धरते ती भोकात गच्च बसणारी डॉवेल पिन. आता आम्ही प्लेट आधी सैल लावतो, क्रँकच्या मध्यावरून गेज फिरवत तिला ठोकून ठोकून जागेवर आणतो, आणि मगच डॉवेलची भोकं रीमरने नेमक्या मापाची करतो. काटा एका फेरीत ०.१ मिलिमीटरच्या आत राहिला तरच प्लेट बाहेर जाते. प्लेटच्या जाडीएवढा गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकपासून मागे सरकतो, म्हणून स्पिगॉट लांब करावा लागतो. स्टार्टरचं दातेरी चाक रिंग गिअरमध्ये पुरतं शिरतंय का, हेही बघावं लागतं. दोन दिवसांचं काम अडीच आठवड्यांवर गेलं, आणि पैसे मागायला तोंड नव्हतं.

सगळं निस्तरल्यावर खानापूरचा एक जिप्सीवाला मेकॅनिक दुसऱ्याच कामाला शेडवर आला. गाडीखाली वाकून बघितलं आणि हसायलाच लागला. "ओ सावकार, जिप्सीचा गिअरबॉक्स लावायचा की! त्याला प्लेट कशाला?" खरंच होतं ते. एस्टीम आणि जिप्सी किंग, दोन्हीचं १२९८ सीसी इंजिन एकाच घराण्यातलं. जिप्सीचं बेल हाउसिंग त्याला सरळ बसतं. वर जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून सुटा, मधे छोटा शाफ्ट. तो केस काढून टाकला की गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट थेट मागच्या एक्सलला. आमची प्लेट मुळात लागतच नव्हती.

तेव्हापासून शेडचा एक रिवाज आहे. कुणी प्लेट मागायला आला की आधी त्याला प्लेट न लागणारी जोडी सांगायची. आप्पांना हे अजूनही पटलेलं नाही. "गिऱ्हाईक दारात आलंय, त्याला परत लावून देतोस?" खरं तीच माणसं पुढे हबसाठी आली, आणि दोघा-तिघांना घेऊन आली.

आज कुणी साधी, मागच्या चाकांची गाडी बांधतो म्हणाला तर मी एकच नाव घेतो : मारुती ईको. २०१० साली आली तेव्हापासून २०२२ पर्यंत तिच्यात ११९६ सीसीचं, ७३ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. ते उभं बसवलेलं; मागे गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, अखंड एक्सल, सगळा संसार एकाच घरचा. अपघातात पुढचा पत्रा गेलेली ईको अख्खी उचला. लोक नाक मुरडतात, "व्हॅनचं इंजिन?" त्यांना मी केटरहॅमची गोष्ट सांगतो. लोटसकडून सेव्हनचे हक्क १९७३ साली ज्यांनी घेतले, त्यांनीच २०१३ साली आपल्या सगळ्यात लहान गाडीत सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलेंडरचं टर्बो इंजिन टाकलं, आणि मागचा एक्सलही सुझुकीचाच, छोट्या व्हॅनच्या जातीचा. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सनेही रोडस्टरला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घेतलं होतं. तेच कॉन्टेसात होतं. हौसेच्या गाडीला कामाच्या गाडीचं इंजिन शोभतं. ते मिळतं, दुरुस्त होतं, आणि त्याची गॅस्केट खडेबाजारात मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघत बसत नाही.

इंजिनाच्या पार्टबाबत आमचं मत सरळ आहे. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल पंप, हेड गॅस्केट आणि बेअरिंग शेल नवीन, तेही कंपनीचे. यात पैसे वाचवणाऱ्याचं इंजिन मी बांधत नाही. मॅनिफोल्ड, फ्लायव्हील, ब्रॅकेट, पुली जुन्या चालतात, फक्त फ्लायव्हीलचा तोंडवळा फेसिंग करून घ्यायचा आणि निळे डाग खोल असतील तर टाकून द्यायचं. क्रँकला गोलाई आणि टेपर मोजल्याशिवाय हात लावायचा नाही. जर्नल (क्रँकची बेअरिंगमध्ये फिरणारी गोल जागा) ०.२५ मिलिमीटरने ग्राइंड झाला तर शेलही ०.२५ अंडरसाइजचे. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. इंजेक्शनवालं इंजिन घ्याल तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा) आणि चावी त्याच गाडीची घ्या. चावी भंगारवाल्याकडेच राहिली म्हणून एक इंजिन आमच्याकडे सात महिने पडून होतं. त्यावर शेडचं मांजर व्यालं.

चाकांचा धडा वेगळा, आणि जास्त महाग.

पॅलिओ, उनोसारख्या जुन्या फियाटच्या चाकाची चार भोकं ९८ एमएमच्या वर्तुळावर असतात. स्विफ्ट, सँट्रो, सिटी यांची १०० एमएमवर. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक स्टडला एकच. पॅलिओची रिम १०० च्या हबवर थोडी रेटली की बसते, नट टॉर्कलाही येतो, आणि काम झाल्यासारखं वाटतं. आमच्या एका नव्या पोराने एका गिऱ्हाइकाची अशी रिम लावली. मी बघितली, मलाही कळलं नाही. नटचा उतार एका अंगालाच टेकलेला, म्हणजे घट्ट वाटणारा नट खरं तर तिरका उभा. खानापूरच्या पुढे एका माळावर चाचणी चालली होती, वेग तीसच्या आसपास. डावं पुढचं चाक गाडीच्या पुढे निघून गेलं. कुणाला लागलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कन्नड फिटरने शेडमधल्या सगळ्या रिमांवर पेंटने आकडे घातले. आता कुणी घाईने चाक पुढे केलं की तोच आधी रिम उलटी करतो आणि म्हणतो, "आगूदिल्ल." होणार नाही. त्याच्यापुढे माझंही चालत नाही.

वर्तुळ जुळलं तरी मधलं भोक बघावं लागतं. स्विफ्टचं ५४.१, सिटीचं ५६.१, फियाटचं ५८.१. मोठ्या भोकाची रिम लहान हबवर लावली तर मधे रिंग हवी. मग नटाचे आटे. सुझुकीचा स्टड १२ एमएम, पिच १.२५, टोयोटा, होंडा, ह्युंदाईचा १.५. दुसऱ्याचा नट दोन आटे गोडीत चढतो, मग स्टड खातो. स्पेसर लावणाऱ्याने एवढं तरी मोजावं की १२ च्या स्टडवर नट निदान १२ एमएम चढतोय. सुझुकीच्या छोट्या गाड्यांना आम्ही ८५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतो, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायला बोलावतो. निम्मे लोक येत नाहीत.

मोठ्या चाकांची हौस तर विचारू नका. मारुती ८०० चं १४५/७० आर १२ टायर उंचीला ५०८ एमएम भरतं. त्या जागी १७५/६५ आर १४ घातलं की ५८३. इंजिन तेच, गिअर तेच, पण चाक १५ टक्के मोठं. ओढ तेवढी मेली, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६९ ने पळत असते. ऑफसेटही तसाच, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर सरकलीय ते माप. ६ इंची, ४५ ऑफसेटची रिम काढून ७ इंची, ३५ ची घातली तर बाहेरची कड जवळजवळ २३ एमएम बाहेर येते. बेअरिंगवरचा भार बदलतो, स्टिअरिंग हात ओढू लागतं. यावर लोक म्हणतात, "दिसायला भारी दिसतंय की." दिसतंच.

फौंड्र्या शेजारी आहेत म्हणून आमच्याच डिझाइनची चाकं ओतून द्या, अशी मागणी दर दोन-तीन महिन्यांनी येते. हब आम्ही एसजी आयर्नमध्ये, म्हणजे चिवट ओतीव लोखंडात, ओतून घेतो, मशिनिंग करतो, तडा तपासतो. चाक ओतत नाही. अलॉय चाकाला वळणाच्या भाराची, सरळ भाराची आणि आघाताची चाचणी लागते. ती सोय आमच्याकडे नाही. मग नुसत्या ओळखीवर कुणाच्या गाडीला चाक द्यायचं नाही.

२०१९ साली गाड्यांचा बाजार बसला तेव्हा आमचं क्रँकचं जॉबवर्क निम्म्यावर आलं, आणि पुढच्या वर्षी लॉकडाऊन. कोल्हापूरकडून येणारी कास्टिंग राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे येईनात. शंभर किलोमीटरवरचा माल परदेशातून आणावा तसं झालं. त्या काळात घरी बसलेल्या हौशी लोकांनी आम्हाला तारलं. काम लहान, पण पैसे आगाऊ. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बांधलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्याला बोलेरो दिली. मग आमचा फोन आठवडाभर थांबेना. बहुतेकांना इंजिन नको होतं, बोलेरो हवी होती.

प्रत्येकाला मी आधी कायदा सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि शून्यातून बांधलेल्या गाडीला मान्यतेच्या चाचण्यांतून जावं लागतं. एकट्या माणसाच्या खिशाला ते झेपत नाही. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर सोडतात. इथे तशी वाट नाही. म्हणून शेत, खासगी जागा, ट्रॅक. ट्रेलरवर घालून न्या, ट्रेलरवर घालून आणा. हे ऐकून दहातले सहा उठून जातात.

उरलेल्यांत आता जास्त भरणा कॉलेजच्या पोरापोरींचा आहे. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत स्पर्धा होते. इंजिन ७१० सीसीपर्यंत, आणि पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० एमएमच्या एका भोकातून घ्यायची असा तिथला नियम. ही मुलं केटीएमचं ३७३ सीसीचं इंजिन घेतात. मोटरसायकलच्या इंजिनात गिअरबॉक्स पोटातच असतो, त्यामुळे आमच्या प्लेटची इथेही गरज नाही. पण स्प्रॉकेट कॅरिअर, डिफरन्शियलचं घर आणि चार हब लागतातच. हबचं वजन ग्रॅममध्ये मागतात. आप्पा आता शेडवर बसूनच असतात. परवा एका मुलीने त्यांच्यापुढे हबचं ड्रॉइंग पसरलं तर चष्मा वर सरकवून म्हणाले, "एवढं मटेरियल काढलंस, मग उरलं काय?" तिने तासभर समजावलं. शेवटी म्हणाले, "कर. खरं इथली त्रिज्या वाढव, तडा इथनंच जाणार." तिने वाढवली.

सध्या टेबलावर संकेश्वरच्या एका शेतकऱ्याचा ईकोचा एक्सल आहे आणि त्याच मुलीच्या टीमचे मागचे दोन हब. तुम्हीही येणार असाल तर इंजिन आणलं नाही तरी चालेल. बेल हाउसिंग, क्लच प्लेट आणि एक रिकामी रिम तेवढी आणा. फोटो पाठवू नका, फोटोवर ९८ आणि १०० सारखेच दिसतात.