ताई, ओढणी!

एप्रिलमधली दुपार, डोकं तापलेलं, म्हणून रसवंतीत शिरले. घुंगरांच्या तालावर चरक फिरत होता आणि चरकाच्या तोंडावर असायला हवी ती लोखंडी जाळी शेजारच्या टेबलावर उताणी पडलेली होती. तिच्यात लिंबं, आल्याचे तुकडे आणि पुदिन्याची सुकत चाललेली जुडी. टोपली म्हणून ती फार सोयीची होती, हे कबूल करायला हवं. तिच्या कडेला पिवळा स्टिकर होता, 'जाळी काढून मशीन चालवू नये'. त्यातल्या 'नये'वर आल्याचं साल चिकटलेलं.

रस काढणारा पोरगा एकदा पिळलेला ऊस दुमडून, मध्ये लिंबाची फोड ठेवून पुन्हा रुळांत सरकवत होता. रूळ ऊस ओढून घ्यायचे आणि चार बोटं अलीकडे त्याचा हात थांबायचा. त्याचं लक्ष समोरच्या मोबाइलवर. मी न राहवून विचारलं, "जाळी का नाही लावत?"

"जाळी लावली की ऊस वाकडा जातो, मावशी. बर्फ टाकू?"

मावशी! बर्फ नको म्हणाले आणि गप्प बसले.

मला सूचना वाचायची खोड आहे. नवा मिक्सर आला की घरातले सगळे भांडी बघतात, मी पुस्तिका उघडते. लिफ्टमध्ये लोक आरशात केस सारखे करतात, तेव्हा मी '६ व्यक्ती, ४०८ किलो' वाचत असते. माणशी अडुसष्ट किलो. म्हणजे कोणीतरी कधीतरी ठरवलं की भारतीय माणूस अडुसष्ट किलोचा. तेव्हापासून लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाचं मी मनातल्या मनात वजन करते. तळमजल्यावर चौथे गृहस्थ आत आले की कुणाचे किलो कुणाच्या खात्यात वळते करायचे याचा हिशेब सुरू होतो. आमच्याकडच्या पाटीत मुलांनी एकट्याने लिफ्ट वापरू नये असंही लिहिलंय आणि ती पाटी नेमकी अशा उंचीवर आहे की मुलांना ती दिसूच नये.

सूचनांशी आपली पहिली ओळख एसटीत होते. खिडकीच्या वर लिहिलेलं असायचं, 'हात बाहेर काढू नये'. कंपासपेटीतल्या कर्कटकाने त्यातला 'न' खरवडून काढणं हे आमच्या वर्गातल्या मुलांचं सहलीतलं आवडतं काम. मग उरायचं, 'हात बाहेर काढू ये'. त्या निमंत्रणाला मान देऊन सगळी बस हात बाहेर काढायची आणि गुरुजी पुढच्या सीटवर घोरत असायचे.

पण खरी भीती वाटायची ती गिरणीत. मे महिन्यात आत्याकडे गेलं की दळणाचा डबा पोरांच्या डोक्यावर यायचा. गिरणी गावाच्या टोकाला, डिझेल इंजिनवरची. इंजिनाचा पुक-पुक आवाज शिवारभर जायचा आणि त्यावरूनच आत्या ओळखायची की आज गिरणी चालू आहे, पळा. आत शिरलं की डोळ्यांपुढे पीठ, नाकात गरम ज्वारीचा वास, पायाखालची जमीन थरथरतेय. इंजिनापासून जात्यापर्यंत चामड्याचा रुंद पट्टा धावायचा. तो जिथे जोडलेला होता तिथली शिवण दर फेरीला चाकावर आपटायची, टप... टप... टप. मी त्या आवाजावर आकडे म्हणत उभी राहायची. सुपाएवढं पीठ पडायला किती टप लागतात ते एके काळी मला पाठ होतं.

पट्ट्याच्या मागे भिंतीवर पत्र्याची काळी पाटी होती. वर ऑइलपेंटने, 'चालू पट्ट्याजवळ जाऊ नये'. खालची बरीच जागा मोकळी होती, म्हणून अण्णा गिरणीवाले तिथे खडूने उधारी लिहायचे. कुणाचे दोन डबे, कुणाची पायलीभर डाळ, कुणाचं मागच्या महिन्याचं. त्यामुळे गावात सर्वांत जास्त वाचली जाणारी पाटी तीच. येणारी प्रत्येक बाई आधी आपलं नाव आहे का बघायची, मग शेजारणीचं किती झालंय ते बघायची, आणि ते नीट दिसावं म्हणून पट्ट्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची.

तरीही माझ्या आठवणीत त्या गिरणीत कुणाला काही झालं नाही. कारण अण्णा ओरडायचे. इंजिनाच्या वर आवाज चढवून, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून. "वैनी, पदर!" की वैनीने पदर कमरेला खोचलाच पाहिजे. "ए पोरी, वेण्या!" म्हणजे लोंबत्या वेण्या दुमडून, रिबिनीने वर बांधायच्या, कानाजवळ दोन कड्या करून. तोवर डबा हातात घ्यायचे नाहीत. रांगेत उभी असलेली पन्नाशीची बाई असो की सरपंचीण, सगळ्यांना तोच दम. कारखान्यांचा १९४८चा कायदा होता, त्यात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर घट्ट असावेत असं लिहिलेलं होतं. अण्णांनी तो वाचला असेल असं वाटत नाही. पदर खोचायचा हे त्यांना पट्ट्याकडे बघून कळलं होतं.

ओरडण्याची ही विद्या पुण्याच्या रस्त्यावर अजून जिवंत आहे. ज्या शहरात पत्ता विचारला तर "पाटी वाचता येते ना?" असं ऐकावं लागतं, तिथे तुमच्या स्कूटरचा स्टँड खाली राहिला की अख्खा लक्ष्मी रोड तुमचा नातेवाईक होतो. "काका, स्टँड!" "ओ मॅडम, स्टँड!" सिग्नलला उभा रिक्षावाला मान बाहेर काढून सांगतो, शेजारून जाणारा कॉलेजचा पोरगा पायाने खूण करतो, फुटपाथवरच्या आजी काठी हलवतात. आणि "ताई, ओढणी!" हे तर मी इतक्या वेळा ऐकलंय की मागून नुसतं कुणी 'ताई' म्हटलं तरी हात आपोआप खांद्याकडे जातो. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला साडी गार्ड असतो, मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा असं १९८९च्या मोटार वाहन नियमांत लिहिलेलंच आहे. हल्लीची तरुण मंडळी गाडी दिसायला चांगली दिसावी म्हणून शोरूममधून आणल्यावर पहिल्यांदा तोच काढून टाकतात. मग मैत्रीण मागे बसते, ओढणी वाऱ्यावर उडते, आणि बिचाऱ्या अनोळखी माणसांना जोर लावून ओरडावं लागतं. नव्या बऱ्याच गाड्यांत तर स्टँड खाली असेल तर इंजिनच चालू होत नाही. उत्तम सोय आहे. पण त्यामुळे सिग्नलवर कुणी कुणाशी आपणहून बोलण्याचं एक कारण गेलं, एवढं मला वाटतं खरं.

मळणीयंत्रांचं असंच झालं. ट्रॅक्टरवर चालणारी मळणीयंत्रं देशभर पसरली आणि पेंढी आत ढकलताना माणसांचे हात पेंढीबरोबर ड्रममध्ये जाऊ लागले. इतके, की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. पेंढी जिथून आत घालायची ती पत्र्याची घळ किती लांब असावी, हे प्रमाणित केलं गेलं, नव्वद सेंटिमीटर, आणि त्यातला अर्धा भाग वरून झाकलेला. विचार सरळ आहे. हात लांबवला तरी ड्रमपर्यंत पोचू नये. मला हे फार आवडतं. ज्याने हे काढलं त्याने गृहीत धरलं की मळणी रात्री चालणार, माणूस पहाटेपासून राबलेला असणार, धूळ डोळ्यांत असणार आणि तो काहीही वाचणार नाही. आता गावातला फिटर पेंढी लवकर जावी म्हणून तीच घळ कापून आखूड करून देतो, ही गोष्ट वेगळी.

डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या पाटीचं दुःख मात्र निराळं. लाल कवटी, खाली दोन हाडं, 'धोका', '११००० व्होल्ट'. १९५६च्या वीज नियमांत ही कवटी आणि हाडं नावानिशी लिहिली होती, आणि मजकूर जिल्ह्याच्या भाषेतही हवा असं सांगितलं होतं. म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं. आणि कळतंच की! आत्याच्या गावचा प्रत्येक शेतकरी त्या कवटीचा अर्थ सांगेल. खंडेनवमीला मोटारीची, ट्रॅक्टरची पूजा होते तेव्हा कुणीतरी डीपीलाही हळदकुंकू लावून येतो, कवटीच्या कपाळावर बरोबर मधोमध बोट टेकवून. पण रात्री दोनला पाण्याची पाळी येते, वीज येते, आणि फ्यूज उडतो. वायरमनचा फोन लागत नाही. उसाला पाणी आज नाही दिलं तर पुढची पाळी आठवड्याने. मग कुणीतरी लाकडी काठी घेऊन, ओल्या चिखलातून अनवाणी, बॅटरी तोंडात धरून डीपीपाशी जातो आणि स्वतःच तार बांधतो. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात, त्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द असतो. तो शब्द लिहिणारा रात्री दोनला उसात गेलेला नसतो.

हे सगळं मामाला ऐकवलं. मामा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पॉवर प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राच्या, डाय (साचे) बसवायचा. त्याला माझ्या रसवंतीतल्या जाळीचं हसू आलं.

म्हणाला, प्रेसला दोन बटणं असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, मुद्दाम लांब. दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय प्रेस चालायलाच नको. झकास युक्ती. आणि त्यावर तोडगा म्हणजे आगपेटीची एक काडी. डाव्या बटणाच्या फटीत काडी खोचली की ते दाबलेलंच राहतं. मग उजवा हात बटणावर, डावा हात पत्र्याचा तुकडा आत सरकवायला मोकळा.

"कशाला पण?"

"पीस रेट. जितके नग तितके पैसे. दोन्ही हातांनी केलं तर पाळीत टार्गेट होत नाही."

"सुपरवायझर बघत नाहीत?"

"बघतात की. टार्गेट त्यांनाच द्यायचं असतं. बाहेरचे पाहुणे यायचे असले की सकाळी काड्या निघायच्या."

दर वर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन असायचा. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली त्या तारखेला स्थापन झाली, म्हणून. छातीला हिरवा बिल्ला, उजवा हात पुढे करून शपथ, घोषवाक्यांची स्पर्धा. मामाला एकदा घोषवाक्यासाठी स्टीलचा डबा मिळाला होता, मामी अजून त्यात मेथीदाणे ठेवते. घोषवाक्य काय होतं ते दोघांनाही आठवेना.

मग मामा आतून एक जुनी वही घेऊन आला. युनियनच्या कामासाठी त्याने त्यात १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं परिशिष्ट उतरवून घेतलं होतं, निळ्या शाईत, समास सोडून. कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं, त्याचं कोष्टक. अंगठा तीस. तर्जनी चौदा. मधलं बोट बारा. अनामिका किंवा करंगळी सात, दोघी एकाच ओळीत. तर्जनीचं नुसतं टोक गेलं, हाड शाबूत असलं, तर पाच. मी ते वाचत असताना माझा डावा हात वहीवर होता, तो मी काढून घेतला.

"आता मागचं पान वाच," मामा म्हणाला.

मागच्या पानावर अपवाद होते. सुरक्षेसाठी घातलेला नियम कामगाराने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा संरक्षणासाठी बसवलेली वस्तू माहीत असून मुद्दाम काढून टाकली असेल, आणि त्यामुळे इजा झाली असेल, तर मालक भरपाई द्यायला बांधील नाही. माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर हा अपवाद लागू नाही. पण एक बोट म्हणजे काही पूर्ण अपंगत्व नव्हे.

"म्हणजे ती पाटी..."

"प्रेसवरची? 'दोन्ही हातांचा वापर करा'? ती मीच बसवायचो. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. बोट गेलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसातून माणूस यायचा आणि आधी पाटीचा फोटो काढायचा."

मी काहीतरी विचारणार होते. त्या काड्यांबद्दल, आणि सुपरवायझरचं पुढे काय व्हायचं त्याबद्दल. तेवढ्यात आतून मामीने पानं घेतल्याचं सांगितलं. मामाने वही मिटली, हात धुवायला गेला आणि जेवताना आंब्याचे भाव निघाले.