टेक कंपनी विकायला निघते तेव्हा: नागपुरातल्या छोट्या भागधारकाचा अनुभव

शेअर निम्म्यावर आला की निकालाआधी अफवा येते. माझ्याकडच्या सॉफ्टवेअर कंपनीचंही तेच झालं. बर्डीवरच्या ब्रोकरकडे आणि परसोडीच्या आयटी पार्काबाहेर चहाच्या टपरीवर एकच विषय: कंपनी विकणार म्हणे! टपरीवरचं बहुतेक फेकलेलंच असतं. आणि आत काम करणाऱ्या ओळखीच्या पोरानं खरी बातमी सांगितली, तर तिच्यावर शेअर घेणं-विकणं 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत अडकवतं. म्हणून कागदच वाचायला घेतले.

कंपनी म्हणत होती, नव्या उत्पादनाच्या मार्केटिंगमुळे तोटा दिसतोय. वार्षिक अहवालात ‘इतर खर्च’ या टिपेत जाहिरात आणि विक्रीवाढीची ओळ सापडते, पण तो आकडा एकटा बघून काही हाती लागत नाही. त्याच्या शेजारी येण्यांचं, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या थकलेल्या पैशांचं, वयवार कोष्टक ठेवायचं. 2021-22 पासून ते द्यावंच लागतं: सहा महिन्यांपर्यंत, एक वर्षापर्यंत, मग दोन, तीन आणि त्यापुढे. विक्री थोडी वाढलीय आणि वर्षावरची येणी त्याहून जोरात, तर बिलं फाडली गेलीत, पैसा आलेला नाही. जाहिरातीचा खर्च इंड एएस 38 या हिशेबाच्या नियमाप्रमाणे त्याच वर्षी नफ्या-तोट्यात टाकावा लागतो. जाहिरात अचानक आटली आणि ‘विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता’ (अजून तयार होत असलेलं सॉफ्टवेअर वगैरे) फुगली, तर खर्च मालमत्तेत ढकलला असू शकतो, त्याबद्दल ऑडिटर काय म्हणतो ते शोधायचं.

सगळ्यात बोलकी निघाली सेगमेंटची, म्हणजे व्यवसायाच्या विभागांची, टीप. उत्पन्नाच्या 10 टक्के किंवा जास्त देणारा प्रत्येक ग्राहक तिथे दाखवावा लागतो, नाव नसलं तरी रक्कम असते. नव्या ग्राहकांसाठी एवढा खर्च चाललेला, आणि तिथे जुना एकच मोठा ग्राहक, वाटाही तेवढाच. काय मार्केटिंग केलं बाप्पा!

हे वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारलं. सभा व्हिडिओवर असल्यानं घरूनच जमलं. सूचना किमान 21 दिवस आधी येते, तिच्यातच बोलण्यासाठी नाव नोंदवायचा ई-मेल आणि मुदत असते. डीपी आयडी आणि क्लायंट आयडी (डिमॅट खात्याचे क्रमांक), पॅन आणि प्रश्न लेखी पाठवायचे. ‘मार्केटिंग का चालत नाही?’ असं विचारलं तर भाषण ऐकावं लागतं. ‘या खर्चातून नवे ग्राहक किती आले, त्यांच्याकडची किती रक्कम 180 दिवसांवर थकली?’ म्हटलं की अध्यक्षांना सीएफओकडे, म्हणजे वित्तप्रमुखाकडे, बघावं लागतं.

विक्रीच्या बाबतीत आधी बघायचं, विकतंय कोण. कंपनीच आपला व्यवसाय विकत असेल तर पैसा कंपनीत येतो, आपल्या खात्यात नाही. त्याला विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूनं. शिवाय 2023 पासून सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत प्रवर्तक, म्हणजे कंपनीवर ताबा असलेले मुख्य मालक, सोडून बाकी भागधारकांची बाजूची मतं विरोधापेक्षा जास्त हवीत. इथे ई-व्होटिंग चुकवायचं नाही, छोट्यांचं मत खरंच मोजलं जातं.

प्रवर्तक आपला हिस्सा विकत असेल तर गोष्ट वेगळी. घेणाऱ्याचा वाटा 25 टक्क्यांवर गेला की ओपन ऑफर (बाकी भागधारकांचे शेअर घ्यायचा जाहीर प्रस्ताव) द्यावीच लागते, एकूण भांडवलाच्या किमान 26 टक्के शेअरसाठी. खरी मेख या 26 मध्ये आहे. प्रवर्तकांनी सगळे 40 टक्के विकले तर बाहेर उरतात 60. सगळ्यांनी शेअर दिले तर 60 पैकी 26 घेतले जाणार, म्हणजे आपल्या 100 पैकी साधारण 43. ‘ऑफरच्या भावानं सगळे जातील’ असं धरून हिशेब करू नये.

टेंडरची, म्हणजे ऑफरमध्ये शेअर देण्याची, खिडकी 10 कामकाजाचे दिवस उघडी असते. ती उघडण्याच्या किमान दोन कामकाजाचे दिवस आधी स्वतंत्र संचालकांच्या समितीची शिफारस येते, ती वाचायचीच. दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत, त्यामुळे पहिल्याच दिवशी धावायचं कारण नाही. रोजचा बाजारभाव ऑफरच्या वर गेला तर सरळ बाजारात विकलेलं बरं. पण शेवटचा दिवसही नको, ब्रोकरची स्वतःची वेळ आधीच संपते. मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यांच्या तारणापोटी, ब्रोकरकडे गहाण ठेवलेले शेअर आधी सोडवून घ्यावे लागतात, आणि बहुतेकांचं इथेच अडतं. टेंडर केल्यावर शेअर डिमॅटमध्येच राहतात, त्यांच्यावर लिएन लागतो, म्हणजे ते अडकवून ठेवले जातात. खिडकी बंद झाल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत स्वीकारलेल्यांचे पैसे यायला हवेत, न घेतलेल्यांवरचा लिएन सुटतो.

एक्स्चेंजमार्फत दिले की एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) कापला जातो. म्हणून वर्षावरच्या शेअरवर 1.25 लाखांपुढच्या नफ्याला 12.5 टक्के कर, वर्षाच्या आतल्यांना 20. खरेदीच्या तारखा जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून (ब्रोकरनं दिलेल्या सौद्याच्या पावतीवरून) आधीच काढून ठेवल्या. डिमॅटमध्ये सगळ्यात आधी आलेले शेअर आधी गेले असं धरतात, हवे ते निवडता येत नाहीत.